पातळ तळाच्या बुटांकडे: कोल्हापुरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला आणि काकांचं नवरात्रातलं अनवाणी चालणं संपलं, म्हणून सुरुवात आजपासून धरली.

प्रकल्पात आम्ही तिघं. मी शाळेत खेळाची शिक्षिका. पळणं रोजचं, मुख्यतः रंकाळ्यावर आणि विद्यापीठात. माझा भाचा बावीस वर्षांचा, पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळतो. शेजारचे काका एसटीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेली, ते फक्त चालतात. तिघांच्या पायांनी आजवर वेगवेगळं काम केलंय, त्यामुळं एकच वेळापत्रक तिघांना लावायचं नाही हे आधीच ठरवलं.

माझे सध्याचे बूट नेहमीचे, जाड तळाचे. टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच; या फरकाला पळणारे ड्रॉप म्हणतात. यातून आधी ४ मिलिमीटर ड्रॉपच्या बुटात यायचं, तिथं चांगलं मुरायचं आणि मगच शून्य ड्रॉपच्या पातळ बुटात जायचं. भाच्याला मधली पायरी नको होती, त्यानं सरळ पातळ बूटच घेतले. काकांनीही पातळच घेतले, पण ते पळणार नाहीत.

पातळ म्हणजे किती पातळ, याला मोजमाप आहे. २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांच्या मतांवरून एक निर्देशांक तयार झाला. वजन, तळाची जाडी, ड्रॉप, लवचीकपणा आणि पाय आतबाहेर कलू नये म्हणून बुटात घातलेली आधाराची साधनं, या पाच गोष्टींना गुण देऊन शून्य ते शंभर टक्के असा आकडा काढतात. दुकानात ‘बेअरफूट’ म्हणून दाखवतात तेवढ्यावर जाऊ नये. बूट हातात घ्यावा, चवड्यापाशी दुमडावा, मग दोन्ही टोकं धरून धुतलेला टॉवेल पिळावा तसा पिळून बघावा. आतला सुकतळा काढून त्यावर उभं राहावं. करंगळी बाहेर लोंबत असेल तर तो बूट कितीही पातळ असो, आपल्या पायाचा नव्हे.

हे कशासाठी, तेही लिहून ठेवते. उतारावर माझ्या गुडघ्याच्या वाटीमागं दुखतं, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण शाळेतली मुलं. पाचवी-सहावीची मुलं मैदानावर बूट काढून पळतात तेव्हा पावलं हलकी पडतात. तीच मुलं जाड बूट घातले की टाच आपटत पळतात. वर्षानुवर्षं हे बघत आलेय. पायाला मुळात काय येतं आणि त्यातलं किती परत मिळवता येतं, हे मला स्वतःच्या पायावर बघायचंय.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मोजमापं घेतली.

घोटा: भिंतीपासून अंगठा १० सेंटिमीटरवर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. भाच्याचा सहज टेकला, काकांचा टेकला, माझा डावा टेकला नाही. उंच टाचेच्या बुटात वर्षं गेली की पोटरी आखूड होते, त्यातलाच हा प्रकार.

पोटरी: एका पायावर उभं राहून चवड्यावर वर-खाली. सलग पंचवीस जमले तर पोटरी पळण्याच्या लायक, असं मी धरलंय. भाचा पार झाला. काका आठ-नऊला थांबले.

पाऊल: ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघितला. हे मात्र पाहत राहावं असं होतं. काकांची पाचही बोटं सुटी, अंगठा सरळ पुढं, करंगळीपर्यंत प्रत्येक बोटाचा वेगळा गोल ठसा. लहानपण शेतात अनवाणी, नंतर जन्मभर चपला. भाच्याचा अंगठा इतर बोटांकडं झुकलेला आणि करंगळीचा ठसा उमटलाच नाही; लहानपणापासून पाय घट्ट स्टडमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या बुटात. वय बावीस आणि करंगळी जमिनीला टेकत नाही.

भाचा म्हणाला, “आत्या, मला काय हुतंय? रोज दोन तास खेळतोय की.” दम आहेच त्याचा. पण या कामात दम मोजायचाच नाहीये.

२७ ऑक्टोबर, रविवार

अजून पळणं जुन्याच बुटात. पातळ बूट फक्त चालायला, घरात आणि शाळेत थोडा वेळ. रोज संध्याकाळी व्यायाम: अंगठा जमिनीवर दाबून बाकीची चार बोटं उचलायची, मग उलटं, बोटं न मुडपता तळव्याची कमान आखडून वर घ्यायची, पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली-वर, एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून. गुडघा वाकवला की काम पोटरीतल्या आतल्या सोलियस स्नायूवर येतं, आणि पळताना खरा भार तोच उचलतो. बहुतेक लोक ताठ गुडघ्याचाच व्यायाम करतात आणि हा राहून जातो.

चार बोटं उचलताना काकांना काहीच अडचण नाही. मला पहिल्या दिवशी अंगठाही बरोबर उचलायचा, आता वेगळा होतोय. मेंदूला त्या बोटाचा पत्ता नव्यानं द्यावा लागतो.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी आटोपली, फराळही आटोपला. आज ४ मिलिमीटरच्या बुटात पहिलं पळणं. पोलीस ग्राउंडला, नेहमीचं पळून झाल्यावर नव्हे तर सुरुवातीलाच, ताज्या पायांनी. एक किलोमीटर, मग बूट बदलून उरलेलं जुन्या बुटात. दमलेल्या पायानं नवी चाल शिकता येत नाही, म्हणून हा क्रम.

जागेचा विचार इथं लिहिते, कारण विचारणारे बरेच आहेत. कोल्हापुरात पळायला जागा भरपूर, पण पातळ बुटाला सगळ्या सारख्या नाहीत. रंकाळ्याचा पदपथ सपाट, पण गर्दी आणि फरशीचे सांधे. विद्यापीठातला रस्ता डांबरी, सावलीचा, पण चढउताराचा. उतार पातळ बुटात सगळ्यात शेवटी घ्यायचा. तपोवनचं मैदान मोकळं, पण माती भुसभुशीत असेल तेव्हा टाच खोल जाते आणि टाचेमागच्या घोडशिरेला जास्त ताण बसतो. सुरुवातीला मऊ जमीन बरी, असं सगळ्यांना वाटतं. माझं मत उलटं आहे. सपाट, टणक, स्वच्छ जमीन बरी, कारण तिथं चुकीचं पाऊल लगेच कळतं. मऊ जमीन टाच आपटणं झाकून टाकते. रस्त्याच्या कडेनं पळू नये. तिथला आडवा उतार एका घोट्याला कायम आत वाकवतो.

आता मुख्य गोष्ट. पातळ बुटात पाऊल साधारण चवड्यावर किंवा सपाट पडू लागतं. टाचेवर पडणाऱ्या पावलात जमिनीचा धक्का एकदम, तीक्ष्ण चढतो. चवड्यावर पडलं की तो धक्का पोटरी आणि घोडशीर स्प्रिंगसारखी पिऊन टाकतात. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये हे मोजून दाखवलं. केनियातले कायम अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर उतरत होते आणि कठीण जमिनीवरसुद्धा त्यांचा धक्का बूटवाल्यांपेक्षा कमी होता. यावरून पुष्कळांनी बूट फेकून दिले. पण २०१३ मध्ये उत्तर केनियातल्याच दासानाच लोकांचा अभ्यास आला. तेही अनवाणीच, पण आपल्या नेहमीच्या सावकाश वेगात त्यांतले बहुतेक टाचेवर उतरत होते. म्हणजे अनवाणी माणूस एकाच पद्धतीनं पळतो हे खरं नाही. वेग, जमीन, सवय, सगळ्यांवर ते ठरतं. म्हणून आम्ही मुद्दाम चवड्यावर पळायचं नाही. पाऊल शरीराच्या खाली पडू द्यायचं, आवाज कमी ठेवायचा, टाचेला नंतर जमिनीला टेकू द्यायचं. टाच हवेत धरून पळणारा माणूस आठवड्याभरात पोटरी धरून बसतो.

आणि हेही पक्कं लक्षात ठेवायचं की ओझं नाहीसं होत नाही, जागा बदलतं. गुडघ्यावरचं कमी होतं ते घोट्यावर, घोडशिरेवर आणि चवड्याच्या लांब हाडांवर जातं. गुडघा दुखणाऱ्याला हा सौदा फायद्याचा. घोडशीर दुखणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

२४ नोव्हेंबर, रविवार

पावलांची गती. मोबाईलवर मोजली तर मिनिटाला १६० च्या आसपास. वेग तोच ठेवून पावलं पाच ते दहा टक्के वाढवली की पाऊल आपोआप आखूड होतं, शरीराखाली येतं आणि गुडघ्यावरचा भार उतरतो; २०११ मधल्या एका अभ्यासात हे दिसलंय. सगळ्यांना १८० सांगतात ते मला पटत नाही. तो आकडा १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंच्या निरीक्षणावरून आलाय, ते शर्यतीत पळत होते. माझ्या सावकाश पळण्याला १७० पुष्कळ.

ठेका धरून देणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक कानाला त्रास देते, म्हणून भाच्यानं हलगीचा ठेका १७० ला बसवून मोबाईलमध्ये घालून दिला. हलगी वाजायला लागली की पाय स्वतःहून उचलतात. पण तिचा एक दोषही आहे, वेगही वाढतो. आवाज बारीक ठेवून ऐकायची असं ठरलं.

१ डिसेंबर, रविवार

काका सुभाषनगरात त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडं घेऊन गेले. कल्पना अशी की पळायला पातळ पट्ट्यांची चप्पल करून घ्यावी. मेक्सिकोतले रारामुरी लोक डोंगरात टायरच्या तळाच्या चपला घालून मैलोन् मैल पळतात. आपल्याकडंही टायरची चप्पल नवी नाही.

कारागिरानं कागदावर पाऊल ठेवायला लावलं आणि पेन्सिल उभी धरून भोवती फिरवली. बोटांपाशी आल्यावर हात थांबला. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मधे पेन्सिलीचं टोक जाईना. “बुटाचा पाय हाय,” एवढंच म्हणाले. मग काकांचा पाय काढला. दोन आकृत्या शेजारी ठेवल्यावर लांबी जवळजवळ सारखी आणि रुंदीत अंगठ्यापाशी बोटभर फरक.

कोल्हापुरी चपलेलाच पातळ बूट का म्हणू नये, हा प्रश्न मी त्यांना विचारला. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेला तळ, टाच जेमतेम उंच. ड्रॉप आणि बोटांची मोकळीक बघितली तर निर्देशांकात चांगले गुण पडतील. पण कारागिरानं नवी चप्पल हातात दिली आणि म्हणाले, दुमडून बघा. दुमडली नाही. वजनही जास्त. “चालायला एक नंबर. महिनाभर घातली की पायाच्या आकाराची हुती. पण पळायला न्हाई ताई. कातडं पावसात फुगतंय, आन् ओल्या फरशीवर सरकतंय. तुम्ही रबरच लावा.” म्हणून तळ ६ मिलिमीटर रबराचा, अंगठा आणि पट्टे चामड्याचे, मागं टाचेला एक पट्टा ठरला. मागचा पट्टा नसेल तर चप्पल निसटू नये म्हणून बोटं आखडून धरावी लागतात, आणि आखडलेल्या बोटांनी पळणं म्हणजे तळव्याला सतत मूठ वळायला लावणं.

काकांनी साधी कापशीच घेतली, कोल्हापुरीचाच एक प्रकार.

१५ डिसेंबर, रविवार

भाच्याचा उजवा चवडा दुखतोय. सकाळी सरावाला आला तेव्हा चालताना पाय बाहेरच्या कडेवर टाकत होता. म्हणाला, “काय न्हाई, मुरगाळलाय.”

आमचा नियम पहिल्या दिवसापासून असा आहे: दुखणं तळहातानं दाखवावं लागलं तर स्नायू आहे, बोटाच्या टोकानं दाखवता आलं तर थांबायचं. मी त्याला दाखवायला सांगितलं. त्यानं तर्जनी ठेवली ती बरोबर दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडावर, वरच्या बाजूनं. तिथं मी हलकं दाबलं तर पाय ओढून घेतला. वरून किंचित सूज, कातडीखालच्या शिरा दिसेनाशा झालेल्या. त्या पायावर एक उडी मारायला सांगितली, मारता आली नाही.

पळणं, खेळणं, पातळ बूट, सगळं आजपासून बंद. लीग तोंडावर आली असताना हे सांगणं सोपं नव्हतं. तो अबेबे बिकिलाचं उदाहरण देत होता: १९६० ला रोममध्ये मॅरेथॉन अनवाणी पळून जागतिक विक्रम केला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. खरं आहे. पण बिकिलाचं बालपण इथिओपियात अनवाणी गेलेलं, त्याची हाडं त्या भारावरच वाढलेली. आणि हाच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून पळाला, पुन्हा जिंकला आणि आधीपेक्षा तीन मिनिटं लवकर.

१८ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण असल्या दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. भेग दिसते ती भरून यायला लागल्यावर. डॉक्टरांनी स्वतःच एमआरआय सांगितला आणि त्यात हाडाच्या आत सूज दिसली. फ्रॅक्चर नाही, त्याच्या आधीची पायरी. वेळेत सापडलं.

हे नवीन नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ३६ अनुभवी धावपटूंवर अभ्यास झाला. १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू बोटांच्या, म्हणजे प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या, पातळ बुटात आणलं, १७ जण नेहमीच्या बुटात राहिले. आधी आणि नंतर एमआरआय. पातळ बुटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली सापडली, दुसऱ्या गटात फक्त एकाच्या. हे सगळे नियमित पळणारे होते, आणि बदलही हळूहळूच केला होता. दहा आठवडे म्हणजे हळू, असं आपल्याला वाटतं. हाडाला तसं वाटत नाही.

त्याचं कारण हाड स्वतःला कसं दुरुस्त करतं त्यात आहे. नवा भार आला की आधी जुनं हाड खरवडलं जातं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग त्या जागी नवं हाड भरतं, त्याला तीनेक महिने. म्हणजे नवा भार सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हाड काही काळ पहिल्यापेक्षा कमजोर असतं. आणि नेमक्या त्याच सुमाराला पोटरीचं दुखणं थांबलेलं असतं, पाय हलका वाटू लागतो, दम भरपूर असतो. सगळं शरीर ‘वाढव’ म्हणत असतं आणि ज्याला सगळ्यात जास्त वेळ हवा ते मुकं असतं. घोडशिरेचंही तसंच, तिला महिने लागतात. या प्रकल्पात मला एवढंच पटवून द्यायचंय, तिघांना आणि जो कोणी वाचेल त्याला: वेळापत्रक हाडानं ठरवायचं, उत्साहानं नाही.

भाच्याचं नेमकं काय झालं ते विचारून लिहून काढलं. पळणं त्यानं बेतानंच वाढवलं होतं. पण तेच बूट दिवसभर कॉलेजला, गाडीवरून उतरून जिने चढायला, आणि संध्याकाळी सपाट तळाच्या स्टडमध्ये दोन तास खेळ. पायाला सुट्टी कधी मिळाली तर झोपेत. म्हणून नोंदवहीत आजपासून नवा रकाना: पातळ तळावर घालवलेले एकूण तास, चालण्यासकट.

सहा आठवडे पळणं नाही. सायकल चालेल, पोहणं चालेल. चालायला कडक तळाचे बूट. काकांनी त्यांची सायकल तेल घालून, हवा भरून दारात आणून ठेवली.

५ जानेवारी २०२५, रविवार

माझं: ४ मिलिमीटरच्या बुटात आता निम्मं पळणं. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं डावी घोडशीर ताठर वाटते, मग सुटते. हा ताठरपणा दहा मिनिटांत गेला तर चालू ठेवायचं, जास्त टिकला तर त्या आठवड्यात वाढवायचं नाही, असं ठरवलंय. पायरीवरचा व्यायाम सावकाश केला की तिला बरं वाटतं. नुसती विश्रांती दिली की उलट कुरकुरते.

थंडीत सकाळी रंकाळ्यावर धुकं. गार पायानं पातळ बुटात पळायचं नाही, आधी घरातच जिना चढ-उतार.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, मुलांची कवायत. आज पळणं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाचा परत आला. बोटानं दाबून दुखत नाही, एका पायावर उड्या बिनदुखत. सुरुवात ४ मिलिमीटरच्या बुटात, एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड. फुटबॉल अजून नाही. त्याचं तोंड उतरलेलं असतं, पण रकाना रोज भरतो. परवा स्वतःहून म्हणाला, “आत्या, ह्या आठवड्यात वाढवायचं न्हाई, काल मॅच बघायला चार तास उभा हुतो.” उभं राहणंही त्यानं मोजलं. मला फार बरं वाटलं.

मी आजपासून शून्य ड्रॉपच्या बुटात, पाचशे मीटर. पुन्हा पहिल्यापासून: ताजे पाय, सपाट जमीन, बारीक हलगी. ४ वरून ० ही उडी कागदावर लहान दिसते, पण तळाची जाडीही एकदम तिसऱ्या हिश्शावर आलीय. पहिल्यांदा खडा जाणवला. पाय स्वतःच त्याच्यावरून हलका झाला, मला काही करावं लागलं नाही. तळव्याला जमीन दिसायला लागली की पाऊल किती सावध पडतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

१६ मार्च, रविवार

काकांची मोजमापं पुन्हा घेतली. एका पायावरचे चवड्याचे उठाव दुपटीच्या पुढं. डोळे मिटून एका पायावर उभं राहताना ऑक्टोबरमध्ये लगेच हात भिंतीकडं जायचा, आता बराच वेळ जात नाही. ठशात कमान स्पष्ट झालीय. ते पळालेले नाहीत. रोज सकाळी पातळ बुटात चालले, सुरुवातीला रंकाळ्याच्या थोड्या भागात, मग पूर्ण फेरी, आणि पायरीवरचे व्यायाम जमतील तेवढे.

२०१९ मध्ये त्याच अमेरिकन संशोधकांनी आणखी एक अभ्यास केला. आठ आठवडे पातळ बुटात नुसतं चालणाऱ्यांच्या पायाचे स्नायू, पायाचे खास व्यायाम करणाऱ्यांइतकेच वाढले आणि बळकट झाले. पळण्याचा विचारही नसलेल्या माणसासाठी यात खूप काही आहे. साठीनंतर तोल जाऊन पडणं किती महागात पडतं ते प्रत्येक घरानं बघितलंय. या प्रकल्पात सगळ्यात कमी जोखीम घेऊन सगळ्यात जास्त कमावलं ते काकांनी, असं मी आजच लिहून ठेवते.

एक सावधगिरी: मधुमेहामुळं तळव्याची संवेदना कमी झालेल्या माणसाला हे सांगायचं नाही. खडा टोचलेला कळलाच नाही तर पातळ तळ धोक्याचा. काकांच्या मित्रानं विचारलं होतं, त्यांना आधी डॉक्टरांकडून तळवे तपासून घ्यायला सांगितलं.

बूट विकणाऱ्यांच्या दाव्यांबद्दलही एक नोंद. बोटांचे बूट करणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला होता, की पाय बळकट होतात आणि दुखापती कमी होतात याला पुरेसा शास्त्रीय आधार न देता जाहिरात केली. २०१४ मध्ये कंपनीनं चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. बूट वाईट होता असा त्याचा अर्थ मी काढत नाही. बूट पायाला काम देतो. ते काम पेलेपर्यंत लागणारे महिने बुटाच्या खोक्यात मिळत नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

काल चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. काका पहाटे शिवाजी पुलावरून निघून केर्लीमार्गे डोंगरावर चालत गेले. चढ पातळ बुटात, आणि येताना एसटीनं. उतार चालायचा नाही असं मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं. बूट गुलालानं गुलाबी झालेत, धुवायचे नाहीत म्हणाले.

दुपारी डांबर इतकं तापतं की पातळ तळातून चटका बसतो. आता सकाळी सातच्या आत आटोपायचं.

सुभाषनगरची चप्पल आता पायाला बसलीय. छोट्या अंतराला उत्तम. अंगठ्याच्या बेचक्यात सुरुवातीला सालपटलं, खोबरेल तेल लावून चामडं मऊ केलं तेव्हा थांबलं. ओल्या फरशीवर रबर पकड धरतं, कारागिराचं म्हणणं बरोबर होतं.

११ मे, रविवार

काल वळीव झाला. रंकाळ्याच्या कडेला शेवाळ धरायला लागेल, तेव्हा पावसाळ्याची आखणी आजच केली.

माझं: शून्य ड्रॉपमध्ये सलग पाच-सहा किलोमीटर आरामात. गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं विद्यापीठाच्या उतारावर आता जाणवत नाही. डावी घोडशीर मात्र अजून लांब पळण्याच्या दुसऱ्या दिवशी आपली हजेरी लावते. म्हणून लांब पळणं ४ मिलिमीटरच्याच बुटात ठेवणार, पुढचं वर्षभर तरी. सगळं पळणं पातळ बुटातच झालं पाहिजे असा माझा आग्रह उरलेला नाही. पायाला दोन्ही प्रकारचं काम मिळालं तर ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. घोटा आता भिंतीच्या चाचणीत दोन्ही बाजूंनी टेकतो.

भाच्याचं: ४ मिलिमीटरमध्ये पाच किलोमीटर, चालणं न मिसळता. फुटबॉलच्या सरावाला परत जातोय, अजून पूर्ण वेळ नाही. स्टड रुंद चवड्याचे घेतले, आणि ओल्या ठशात करंगळीचा अर्धा गोल उमटायला लागलाय. पातळ बूट फक्त चालायला, दिवसाला तासभर. पळायला ते ऑगस्टनंतर, तोपर्यंत चवड्यावरचं हाड दर रविवारी बोटानं दाबून बघायचं.

जून ते सप्टेंबर: ओल्या रस्त्यावर पातळ बुटात वेग नाही. डबक्यातून जायचं नाही, तळाशी काय आहे ते दिसत नाही. बूट उन्हाऐवजी पंख्याखाली वाळवायचे, सुकतळे काढून. मैदानं चिखलाची झाली की जिन्यावरचे व्यायाम दुप्पट.

काकूही आता येते म्हणताहेत. त्यांना टाचेखाली सकाळी दुखतं, त्यामुळं पातळ बूट लगेच नाही. बुधवारी मोजमापं घ्यायची, ठसा काढायचा, आणि पहिले काही आठवडे नेहमीच्याच चपलेत पायरीवरचा व्यायाम.